लंडन, कानांनी पाहिलेलं

'ऑपेरा हाऊस' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मला आठवतो चर्नी रोड स्टेशनचा पूल, हिऱ्याच्या पुड्या खिशात घेऊन फुटपाथवर सौदे करणारे व्यापारी आणि बसच्या पाटीवरची अक्षरं. कॉलेजची पाच वर्षं मी त्या स्टॉपवरून ये-जा केली. पण ऑपेरा हा प्रकार खरंच कुणीतरी गातं, आणि ते गाणारी माणसं आपल्या वयाचीही असू शकतात, हे कधी डोक्यातच आलं नाही. स्टॉपचं नाव म्हणजे स्टॉपचं नाव, बास.

त्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन आठवड्यांसाठी लंडनला निघाले तेव्हा माझी लिस्ट एकदम टिपिकल होती. लंडन आय, बेकर स्ट्रीटवरचं शेरलॉकचं घर, लॉर्ड्स, आणि मैत्रिणींसाठी शॉपिंग. यातलं निम्मंही झालं नाही. एक तर पौंड नव्वदच्या पुढे होता, आणि फ्रीलान्सरचं पाकीट कसं असतं ते वेगळं सांगायला नको. दुसरं म्हणजे मावशीच्या फ्रीजवर एक रेडिओ होता.

फ्रीजवरचा रेडिओ

मावशी राहते डॉलिस हिलला. ज्युबिली लाइनवरचं हे शांत, जरासं पेंगुळलेलं उपनगर. १९३२ साली सुरू झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तूही इथेच, डॉलिस हिल लेनवर. मावशी तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती, आता रिटायर झालीये. काका २०१९ मध्ये गेले. मुलगी मँचेस्टरला. घरात मावशी, तिची तुळस आणि रेडिओ.

पहिल्याच सोमवारी दुपारी मी जेटलॅगमधून उठून किचनमध्ये आले, तर मावशी मेथी निवडत होती आणि रेडिओवर कुणीतरी पियानो वाजवत होतं.

"हे काय लावलंयस गं?"

"शू! एकचा कार्यक्रम आहे. दोनला बोलू."

माझी मावशी, जिच्या तोंडी 'आपली आवड' आणि माणिक वर्मांशिवाय दुसरं नाव नसायचं, ती मेथीच्या काड्या मोडत शुबर्ट ऐकत होती! दोन वाजता तिने गोष्ट सांगितली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सगळे हॉल बंद पडले. मार्चपासून ती घरात एकटी. एक जूनला रेडिओवर सांगितलं, आज विगमोर हॉलमधून थेट प्रक्षेपण आहे. पाचशेच्या वर खुर्च्यांचा हॉल, सगळा रिकामा. स्टेजवर एकटे स्टीफन हफ पियानोला बसलेले. त्यांनी बाखचं 'शाकोन' वाजवलं, बुसोनीने पियानोसाठी बसवलेलं.

"मला त्यातलं काय कळणार होतं?" मावशी म्हणाली. "पण त्या क्षणी तो माणूस खरोखर तिथे बसून वाजवत होता. कॅसेट नव्हती ती. तो एकटा, मी एकटी. महिनाभर रोज दुपारी एकला, शनिवार-रविवार सोडून. मी साडी नेसून बसायचे, ठाऊक आहे?"

त्या जूनमध्ये अशा वीस मैफली झाल्या. त्यातली एकही मावशीने सोडली नाही. आणि नंतर सोमवारची दुपार तिने कुणाला दिली नाही.

मी मास कॉमची विद्यार्थिनी. रेडिओवर असाइनमेंटस् केल्या, एका स्टेशनवर इंटर्नशिपही केली. पण 'ऐकणारा' म्हणजे आमच्यासाठी कायम एक आकडा होता. साडी नेसून बसलेला ऐकणारा मी पहिल्यांदा पाहिला.

शंभर वर्षांची हवा

पुढचा एक सोमवार ठरवून बाहेर काढला. रेडिओ जिथून येतो तिथून सुरुवात करू म्हणून ऑक्सफर्ड सर्कसला उतरले आणि पोर्टलंड प्लेसवर बीबीसीच्या ब्रॉडकास्टिंग हाऊसपुढे जाऊन उभी राहिले. १९३२ची ही इमारत समोरून थेट जहाजासारखी दिसते. बीबीसी सुरू झाली १८ ऑक्टोबर १९२२ला, म्हणजे माझ्या ट्रिपमध्येच तिची शंभरी भरली. मावशीचं लाडकं रेडिओ थ्री हे त्यातलं जरा धाकटं भावंड. १९४६ साली 'थर्ड प्रोग्राम' म्हणून जन्मलं, १९६७मध्ये नाव बदललं.

पण खरा भन्नाट किस्सा त्याच्याही आधीचा आहे. रेडिओ येण्यापूर्वी लंडनमध्ये 'इलेक्ट्रोफोन' नावाची सोय होती. १८९५ सालची गोष्ट! थिएटरात मायक्रोफोन लावायचे, टेलिफोनच्या तारेवरून आवाज घरी यायचा, आणि श्रीमंत मंडळी कानाला यंत्र लावून दिवाणखान्यात बसून ऑपेरा ऐकायची. वर्गणी वर्षाला पाच पौंड. म्हणजे आपल्याला वाटतं, हेडफोन लावून जगाशी कट्टी घेणं हा आपल्या पिढीचा शोध आहे. कसलं काय, बॉस!

आणि बीबीसीने स्टुडिओबाहेर पडून केलेलं पहिलं प्रक्षेपण कुठलं, माहितीये? क्रिकेट नाही, राजाचं भाषण नाही. ८ जानेवारी १९२३, कॉव्हेंट गार्डनमधून मोझार्टचा ऑपेरा, 'द मॅजिक फ्लूट'. जेमतेम तीन महिन्यांच्या बाळाने पहिलं पाऊल टाकलं ते थेट ऑपेरात.

छत्तीस, विगमोर स्ट्रीट

ब्रॉडकास्टिंग हाऊसपासून कॅव्हेंडिश स्क्वेअर ओलांडून दहा मिनिटं चाललं की विगमोर हॉल येतो. बाहेरून इतका साधा की मी एकदा चुकून पुढे गेले. आत मात्र संगमरवर, लाल खुर्च्या, आणि स्टेजच्या वर अर्ध्या घुमटात सोनेरी-निळं चित्र. मधोमध प्रकाशाचा गोळा आणि त्याकडे बघणारा संगीताचा आत्मा. गाण्याच्या हॉलवर एवढा जीव कोण लावतं? तर पियानो विकणारी कंपनी. बेखश्टाइन या जर्मन कंपनीने १९०१ साली आपल्या शोरूमशेजारी हा हॉल बांधला. मग पहिलं महायुद्ध आलं, जर्मन मालमत्ता जप्त झाली, लिलाव झाला, आणि १९१७मध्ये रस्त्याचं नाव घेऊन हॉल पुन्हा उघडला. पियानोवाले गेले, पण आवाज तिथेच राहिला.

माझ्या आजूबाजूला बहुतेक पांढरे केस. अधूनमधून म्युझिक कॉलेजातली पोरंपोरी, बॅकपॅकसकट. स्टेजवर टांगलेले छोटे माइक सोडले तर हे सगळं देशभर चाललंय याची काही खूण नाही.

त्या दिवशीची गायिका रेडिओ थ्रीच्या 'न्यू जनरेशन आर्टिस्ट्स' योजनेतली होती. हा फंडा मला जाम आवडला. १९९९पासून ही योजना चालू आहे. दर वर्षी साधारण सहा-सात तरुण कलाकार निवडायचे. कुणी गाणारं, कुणी वाजवणारं, कधी अख्खा चौघांचा संच. आणि मग त्यांना दोन वर्षं द्यायची. बीबीसीच्या ऑर्केस्ट्रांबरोबर कार्यक्रम, स्टुडिओत रेकॉर्डिंग, फेस्टिव्हल्स, आणि हे सगळं रेडिओवर. आज ज्यांचं जगभर नाव आहे ते बेल्चिया क्वार्टेट इथून गेले, अ‍ॅलिस कूट इथून गेली, कैरोची फातमा सईद इथून गेली.

आपल्याकडच्या टॅलेंट हंटशी तुलना करून बघा. इथे परीक्षक रडत नाहीत, कुणी एलिमिनेट होत नाही, 'मला एसएमएस करा' नाही. दोन वर्षं लोकांच्या कानांसमोर मोठं व्हायची मुभा, एवढंच. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाते ती आकाशवाणीची ऑडिशन. माझ्या गुरूंना तिथे 'बी हाय' ग्रेड मिळाली होती, तेव्हा आख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते.

हो, माझे गुरू. इथे एक कबुली द्यायची आहे.

मी नऊ वर्षं गाणं शिकले. चांगलं गायचे, असं लोक म्हणायचे. सतरा वर्षांची असताना एका आंतरकॉलेज स्पर्धेत बिहाग गात होते. तान घेतली, आणि मध्यावर आवाज बंद. फाटला नाही, घसरला नाही. नुसता बंद. समोर चारशे लोक. त्या शांततेत तबला चार आवर्तनं एकटाच चालत राहिला, आणि मी उठून विंगेत गेले. घरी सांगितलं, बारावी आहे, आता क्लास नको. सगळ्यांना पटलं. त्यानंतर मी बाथरूममध्येसुद्धा गायले नाही. दहा वर्षं.

तर, विगमोर हॉल. गायिका माझ्याच वयाची असेल. हिरवा ड्रेस, सोबत एक पियानोवादक, बस्स. जर्मन गाणी, हातात भाषांतराची पुस्तिका. गाणं संपलं की शेकडो पानं एकदम उलटल्याचा आवाज यायचा, पावसाची सर यावी तसा. पहिली तीन-चार गाणी सुंदर झाली. मग पाचव्याच्या आधी ती पियानोकडे वळली. ग्लास उचलला. तिचा हात थरथरत होता. मी बाजूच्या रांगेत होते, मला स्पष्ट दिसत होता. एक घोट. ग्लास खाली. तरी ती वळेना. पियानोवाल्याचे हात पट्ट्यांवर तयार. तो तिच्याकडे बघतोय. ती घुमटाकडे बघतेय.

रेडिओच्या वर्गात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, 'डेड एअर' हे पाप. पाच सेकंद शांतता म्हणजे श्रोता स्टेशन बदलणार. इथे पाच झाले, दहा झाले, आणि हे सगळं लाइव्ह चाललंय! माझ्या तळहातांना घाम फुटला. मला माहीत होतं आता काय होणार. ती विंगेत जाणार.

ती वळली. पियानोवाल्याला मान डोलावली. आणि गायली.

ते गाणं दुपारचं सर्वांत चांगलं झालं, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, पिक्चरसारखं वाटतंय. खरं सांगू? मला ते ऐकूच आलं नाही. मी रडत होते. शेजारच्या आजोबांनी आवाज न करता खिशातून रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला, आणि पुन्हा समोर बघू लागले.

'तिथे मी गॅस बंद केला'

आठ स्टेशनं मागे, डॉलिस हिलला मावशी वाटच बघत होती. तिने अर्थातच सगळं ऐकलं होतं.

"मावशी, मध्ये ती अडकली होती. कळलं तुला?"

"कधी?"

"पाचव्या गाण्याच्या आधी. किती वेळ नुसती शांतता होती."

मावशीने आठवून पाहिलं. "अगं, ते होय? तिथे मी गॅस बंद केला. कुकरची शिट्टी नको म्हटलं मध्येच. वाटलं, आता काहीतरी मोठं येतंय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. स्टेजजवळ बसलेल्या मला जी भीती दिसली, ती सात-आठ किलोमीटरवर मावशीला अपेक्षा म्हणून ऐकू आली होती. डोळ्यांनी पाहिलेली चूक कानांनी ऐकली की चूक राहिलीच नव्हती, ती गाण्यातलीच एक जागा झाली होती.

फुलराणीच्या दारात

आता एवढं झाल्यावर ऑपेरा न बघता परत येणं म्हणजे अळूवडी न खाता लग्नाच्या पंगतीतून उठणं. त्या सीझनला रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये दर शुक्रवारी दुपारी एकला पुढच्या आठवड्याची थोडी तिकिटं ऑनलाइन सुटायची. लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही घेऊन, तत्काळ रिझर्व्हेशनच्या अनुभवाच्या जोरावर मी एक पटकावलं. अगदी वरची, बाजूची सीट. स्टेजचा एक कोपरा दिसणार नाही, हे तिकिटावरच लिहिलेलं.

कॉव्हेंट गार्डनच्या चौकात सेंट पॉल्स चर्चच्या खांबांशी थोडी रेंगाळले. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली फुलवाली एलायझा पावसात पहिल्यांदा दिसते ती इथेच, थिएटर सुटल्यावरच्या गर्दीत. म्हणजे आपल्या पुलंच्या 'ती फुलराणी'चं हे माहेर! इथला फुलबाजार १९७४मध्ये नदीपलीकडे गेला. 'फुलराणी' रंगमंचावर आली १९७५ला. एक बाजार उठला आणि वर्षभरात आपल्याकडे दुसरा बसला म्हणायचं.

ऑपेरा हाऊसची आताची इमारत १८५८ची. याच जागेवरची तिसरी, आधीच्या दोन्ही जळाल्या. आत बावीसशेवर माणसं बसतात आणि गाणाऱ्याच्या गळ्याशी माइक नसतो. पुढे पन्नास-साठ वाद्यं. मग शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो कसा? तर तयार झालेल्या ऑपेरा गायकाच्या आवाजाची धार साधारण तीन हजार हर्ट्झच्या आसपास एकवटते, आणि नेमका तिथेच ऑर्केस्ट्राचा जोर कमी असतो. गर्दीतून अंग चोरून दाराशी पोचणाऱ्या लोकलच्या प्रवाशासारखा आवाज फटीतून बाहेर निघतो. माइकआधीच्या काळात आपले संगीत नाटकवालेही शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या प्रेक्षकाला असंच गाठायचे. 'संगीत शाकुंतल' १८८०चं. मी बघायला गेले होते तो पुच्चिनीचा 'ला बोएम' १८९६चा. एकाच पिढीचे म्हणा ना.

गोष्ट तर आपलीच आहे. पॅरिसमध्ये माळ्यावरच्या खोलीत राहणारे चार दोस्त. एक कवी, एक पेंटर, एक संगीतकार, एक फिलॉसॉफर. भाडं थकलेलं, घरमालक दारात. थंडी इतकी की कवी आपलं नाटकाचं हस्तलिखित शेगडीत घालतो. ज्यांनी पीजीमध्ये तिघांत एक मॅगी खाल्लीये त्यांना सबटायटल्सचीही गरज नाही. शेजारची मिमी विझलेली मेणबत्ती पेटवायला येते, किल्ली हरवते, अंधारात दोघांचे हात एकमेकांना लागतात, आणि मग दोघं प्रेमात. पण मिमीला खोकला आहे. एकोणिसाव्या शतकात खोकला म्हणजे क्षय, आणि क्षय म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक.

मला वाटत होतं, शेवटी ती मरताना भलंमोठं गाणं असेल. चिडवतात ना, ऑपेरात माणूस पंधरा मिनिटं गाऊन मग मरतो म्हणून. तसं काहीच नाही. ती हळू बोलत बोलत झोपते. दोस्तांना कळतं, कवीला कळत नाही. ऑर्केस्ट्रा जवळजवळ थांबतो. आणि ज्या माणसाने सगळी रात्र गाऊन घर डोक्यावर घेतलंय, तो त्या क्षणी गात नाही. नुसतं बोलतो. तुम्ही असे का बघताय, म्हणून विचारतो.

नेमका त्या वेळी पलंग माझ्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात होता. मला कवीची फक्त पाठ दिसत होती. मी डोळे मिटले, आणि मावशीसारखी ऐकत बसले. बावीसशे माणसं एकही श्वास न घेता गप्प होती. ती शांतता पुच्चिनीनेच लिहिलेली होती. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की बिहागमधल्या त्या चार आवर्तनांत मी विंगेत गेले नसते, तर?

शेवटचा सोमवार

निघायच्या आदल्या दिवशी दिवाळीचा उरलेला चिवडा डब्यात भरताना मावशी म्हणाली, "तू गायचीस ना गं? सोडलंस का?"

दहा वर्षांत पहिल्यांदा मी खरं कारण सांगितलं. मावशी काहीच बोलली नाही. नर्स आहे ती, उगाच समजूत घालत नाही. तिने रेडिओ बंद केला, भाजी ढवळली आणि म्हणाली, "मला काय, मेथीची भाजी होईपर्यंत वेळ आहे."

मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप काढलं. सूर लावला, तो खालचाच लागला. बिहागची बंदिश, अस्थायी, कशीबशी. अंतऱ्याला वर जाताना आवाज अडकला, अगदी तस्साच. पाय दाराकडे वळलेले मला कळले.

मी थांबले. तानपुरा वाजत राहिला.

मावशीने गॅस बंद केला.

जायचंय? मग हे बघा

• विगमोर हॉलला ज्युबिली लाइनवरचं बॉण्ड स्ट्रीट स्टेशन जवळ. सोमवारी दुपारी एकची मैफल साधारण तासाभराची. त्या वेळी आपल्याकडे उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात.

• गाण्यांच्या मैफलीत दर गाण्याला टाळ्या वाजवू नका. गट संपला की सगळे वाजवतात, तेव्हाच वाजवा. पानंही गाणं संपल्यावरच उलटा.

• कॉव्हेंट गार्डनला वरची, बाजूची तिकिटं सर्वांत स्वस्त. दिसतं कमी, ऐकू सगळं येतं. आधी गोष्ट वाचून जा, मग मान वर करून सबटायटल्स बघावी लागत नाहीत.

• लंडन लांब आहे? गिरगावातलं आपलं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३पासून बंद होतं, ते २०१६मध्ये पुन्हा उघडलं. तेव्हा तिथे मुंबईत जन्मलेली सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ गायली होती. पुढच्या वेळी त्या स्टॉपवर उतरून बघा.